शुहरतच्या रोटीचा अर्ज

शुहरत योल्दाशेव्ह या स्थानबद्ध उझबेक निर्वासिताला मायदेशी पाठवावे, असा अर्ज त्याच्या अर्धवट खाल्लेल्या रोटीने केला. त्या अर्जावर सही करताना रोटीला कोणीही पाहिले नव्हते. सही मात्र होती, सहीखाली वकिलातीचा शिक्का होता, आणि शिक्क्यावर शंका घेण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

अर्ज भाषांतरासाठी डॉ. विभावरी केळुसकर यांच्याकडे आला. विद्यापीठात तीस वर्षे रशियन शिकवून निवृत्त झालेल्या विभावरीबाई तरुणपणी दोन वर्षे ताश्कंदला राहिल्या होत्या आणि तिथे उझबेकही शिकल्या होत्या. दुसऱ्याच्या मजकुरातला स्वल्पविराम हलवायचा झाला तरी त्या समासात कारण लिहून ठेवीत. अर्जदाराचे म्हणणे थोडक्यात असे होते: चार वर्षांपूर्वी संबंधित इसम मला एकदा चावून निघून गेला. तेव्हापासून मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आहे. उरलेली मी त्यानेच संपवायची आहे. तरी त्याला परत पाठवावे, ही विनंती.

“यातलं रोटीचं म्हणणं नक्की कोणी ऐकलं?” त्यांनी स्थानबद्धता केंद्राचे अधीक्षक ठोसर यांना विचारले.

“अर्ज लेखी आहे, मॅडम,” ठोसर म्हणाले. “ऐकण्याचा प्रश्नच येत नाही.”

प्रथा खरी होती, हे विभावरीबाईंना मान्य करावे लागले. तिकडे घरातला माणूस दूरच्या प्रवासाला निघाला की आई त्याच्यासमोर ताजी, जाड, वाटोळी रोटी धरते. तो तिचा एक चावा घेतो. उरलेली रोटी भिंतीला टांगतात आणि तो परतला की त्यानेच ती संपवायची असते. तोवर ती पाहुण्याला वाढत नाहीत आणि तिला उंदीरही लागू देत नाहीत.

शुहरत स्वतः रोट्या भाजणारा. त्याच्या तंदुरावरून रोट्या नेणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी सहाजण पुढे राज्याचे शत्रू ठरले, तेव्हा त्या रोट्या भाजणे हा कटाचा भाग ठरला. आधी त्याच्या थोरल्या भावाला नेले. अकराव्या दिवशी परत आणले ते पेटीतून, आणि पेटी उघडायची नाही या अटीवर. मग शुहरत निघाला. दाराशी गाडी उभी होती, उजाडायला आले होते, आणि आईने रोटी पुढे केली. त्याने ती चावली. आईने पुढे केलेली रोटी न चावता उंबरा ओलांडण्याची त्याच्या घराण्यात कोणाची छाती नव्हती. चूक म्हणायची तर एवढीच.

इकडे आल्यावर निर्वासितांची काळजी वाहणाऱ्या एका संस्थेने त्याला संरक्षणाचे कार्ड दिले. दोन वर्षांनी व्हिसा संपला म्हणून त्याला कार्डासकट स्थानबद्ध करण्यात आले. रेशीमकिडे पाळण्याचे एक बंद पडलेले सरकारी केंद्र हेच आता परकीय नागरिकांचे स्थानबद्धता केंद्र होते. किड्यांच्या खोल्यांत माणसे ठेवली होती. आवारातली तुतीची झाडे मात्र कागदोपत्री अजून किड्यांसाठीच राखून ठेवलेली असल्यामुळे माणसांना तुती तोडण्याची मनाई होती.

रोटीचा अर्ज पोहोचताच संस्थेने फेरविचार केला. आलेले पत्र विभावरीबाईंनी शुहरतला त्याच्या भाषेत वाचून दाखवले. “जीव वाचवून पळणारा माणूस रोटी चावत बसत नाही. रोटी चावणे हे परतण्याचे वचन होय. ज्याला परतायचे आहे त्याला भीती नाही, आणि ज्याला भीती नाही तो निर्वासित नाही. सबब आपले संरक्षण काढून घेण्यात येत आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.”

शुहरत मान खाली घालून ऐकत होता. तो त्यांना ओपा म्हणे, म्हणजे थोरली बहीण.

“शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, ओपा.”

“पुढील वाटचालीस शुभेच्छा.”

“सभ्य माणसं आहेत,” तो म्हणाला. मग त्याने विचारले, “भावाच्या पेटीबद्दल काही लिहिलंय?”

“ते मागच्या पत्रात होतं. पेटी उघडलेली नसल्यामुळे आत काय होतं याचा पुरावा नाही.”

“उघडली असती तर?”

“तर अटीचा भंग झाला असता.” विभावरीबाईंनी पत्राची घडी घातली. घडी सरळ आली नाही, म्हणून त्यांनी ती उलगडून पुन्हा घातली.

सुनावणीच्या तीन दिवस आधी अर्जदार विमानाने आली. सोबत वकिलातीचे दुय्यम सचिव तुर्सुनोव होते. रोटी काचेचे झाकण असलेल्या लाकडी पेटीत होती. विमानात तिला खिडकीजवळची जागा मिळाली होती; दिलेल्या जेवणाला तिने हात लावला नाही, असे तुर्सुनोव यांनी सांगितले. ठोसरांनी परकीय नागरिकांची नोंदवही उघडली. जन्मतारखेपुढे भाजल्याची तारीख पडली. ओळखखूण: उजव्या कडेला चावा. व्यवसायाच्या रकान्यापाशी ते थबकले.

“वाट पाहणे,” तुर्सुनोव म्हणाले.

“खाजगी की सरकारी?”

“गेल्या महिन्यापर्यंत खाजगी.”

केंद्रात मुंग्या फार होत्या. स्थानबद्धांनी त्याबद्दल चौदा अर्ज केले होते आणि ते विचाराधीन होते. परदेशी अर्जदाराच्या बाबतीत मात्र विलंब परवडण्यासारखा नव्हता. ‘अर्जदारास सुनावणीपर्यंत संरक्षण देण्यात यावे’ असा आदेश ठोसरांनी काढला, आणि आपल्याकडे लाडवांच्या डब्यासाठी करतात तशी पाण्याने भरलेली एकेक वाटी तिची पेटी ठेवलेल्या मेजाच्या चारही पायांखाली ठेवली गेली. त्या इमारतीत त्या दिवशी संरक्षण असलेली ती एकटीच होती.

शुहरतच्या खोलीत इल्होम नावाचा वयस्क शिंपी होता. त्याचेही संरक्षण गेलेले होते, पण त्याच्या प्रत्यार्पणाची मागणी कोणी करीत नव्हते. विभावरीबाईंनी कारण विचारले.

“माझी रोटी मेहुण्याने खाल्ली,” इल्होम म्हणाला. “घरात दुसरं काही नव्हतं म्हणे. तासाभरात पोलीस आले. नियम साधा आहे, म्हणाले. रोटी संपवतो तो परतलेला माणूस. म्हणजे इल्होम परतला. चल.”

“म्हणजे तिकडे तुमच्या जागी तो तुरुंगात आहे?”

“माझ्या जागी कशाला? मीच आहे. सहा वर्षं झाली. बायको लिहिते, तुमची तब्येत बरी आहे, थोडे वाळला आहात.”

“आणि मेहुणा तक्रार करत नाही?”

“करायला बघतो. पण अर्जावर माझी सही लागते, आणि ती त्याला जमत नाही. आळशी माणूस, बाई. लग्नात मी शिवून दिलेला कोटसुद्धा कधी झटकून ठेवला नाही त्यानं.”

शुहरत इतका वेळ भिंतीशी बसून होता. “मी माझी रोटी इथंच संपवली तर?”

इल्होमने हातातली सुई खाली ठेवली. “तर तू परतलास. परतलेल्या माणसाला परत कसा पाठवतील?”

“मग तिकडे धरतील कोणाला?”

“कोणालाच नाही. माझ्या वेळी खाणारा तिकडे होता. तुझ्या वेळी खाणारा तू, आणि तू इथे.”

“या तर्कात कुठेतरी भोक आहे,” विभावरीबाई म्हणाल्या. त्यांनी तो तर्क मनात पुढून आणि मागून तपासला. भोक सापडले नाही. दुसरा कुठलाही तर्क हाताशी नव्हता.

सुनावणी कोष वाळवण्याच्या दालनात झाली. समितीवर तीन सदस्य होते. त्यांपैकी दोन नेमायचे राहिले असल्यामुळे ठोसरांचा निर्णय एकमताचा धरला जाई. पेटीचे झाकण उघडण्यात आले. रोटी लाकडासारखी कडक झाली होती. तिच्या मधोमध खिळ्यांच्या ठशाने उमटवलेले आठ पाकळ्यांचे फूल होते.

“ही रोटी तुमची आहे का?” ठोसरांनी विचारले.

नाही म्हणता आले असते. विभावरीबाईंनी प्रश्नाचे भाषांतर मुद्दाम सावकाश केले, म्हणजे त्याला विचार करायला वेळ मिळावा. शुहरत फुलाकडे पाहत राहिला.

“आईचा ठसा आहे,” तो म्हणाला. “ही पाकळी तुटकी आहे ना, ती मी तोडली. सात वर्षांचा होतो. ठशाने अक्रोड फोडायला गेलो होतो.”

“म्हणजे होय,” ठोसरांनी लिहिले. “आता चाव्याची जुळवणी. इसमाने तोंड खुणेवर ठेवावे.”

शुहरतने रोटी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि चाव्याच्या जागी दात ठेवले. ते बरोबर बसले. तुर्सुनोव यांनी समाधानाने मान हलवली. मग दात मिटले, आणि कडक रोटी फुटल्याचा आवाज दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या इल्होमपर्यंत गेला.

“थांबवा त्याला,” तुर्सुनोव म्हणाले. “तो अर्जदाराला खातोय.”

ठोसरांनी अर्ज काढला, चष्मा लावला आणि ओळीखाली बोट फिरवत वाचले. “‘उरलेली मी त्यानेच संपवायची आहे.’ अर्जदाराची मागणीच ती आहे, साहेब. मागणी मान्य होत असताना हरकत घेण्याचा अधिकार अर्जदाराला असतो. त्यांची काही हरकत आहे का?”

सर्वांनी रोटीकडे पाहिले. हरकत आली नाही.

शुहरतने चहा मागितला. तो देण्यात आला. चहात बुडवून बुडवून त्याने पाऊण तासात रोटी संपवली, तुटक्या पाकळीचा तुकडा शेवटी खाल्ला आणि मेजावरचे कण बोटाने टिपून तोंडात टाकले. ठोसरांनी निकाल लिहिला: अर्जदाराची मागणी पूर्ण झाली. इसम मायदेशी परतला. प्रकरण बंद.

तुर्सुनोव आधी अस्वस्थ होते. मग त्यांनीही एक कप चहा घेतला, काही वेळ विचार केला, आणि ‘इसम मिळाला’ अशी पोच स्वतःहून लिहून दिली. सोबत शुहरतचे पारपत्र आणि कार्ड मागून घेतले. परतलेल्या माणसाची कागदपत्रे त्याच्याबरोबर असावीत, हे ठोसरांनाही पटले. सही करताना तुर्सुनोव यांच्या चेहऱ्यावर जे प्रसन्न भाव होते, ते विभावरीबाईंना खटकले. त्यांनी तशी समासात नोंद केली.

अशा रीतीने शुहरत वाचला. तो स्थानबद्ध राहिला नव्हता, कारण तो गेला होता. पण केंद्राच्या फाटकातून बाहेर पडायचे तर ओळखपत्र दाखवावे लागे, आणि ओळखपत्र मायदेशी गेले होते. ठोसर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी शुहरतची नोंद ‘इल्होम यांना भेटण्यास आलेला अभ्यागत’ अशी केली. भेटीची वेळ संध्याकाळी पाचपर्यंत असे. पाच वाजता त्याला वेळ संपल्याचे सांगण्यात येई, तो फाटकापर्यंत जाई, ओळखपत्र नसल्यामुळे परत येई, आणि सकाळी नवी चिठ्ठी मिळे. अभ्यागतांना तुती खाण्याची मनाई नव्हती. तो इल्होमसाठी रुमालभर आणी.

“परदेशातून भेटायला येणारा तू पहिलाच,” इल्होम म्हणे. “बस. कसं काय तिकडे?”

महिन्याभराने शुहरतच्या आईचे पत्र आले. नियमाप्रमाणे ते आधी भाषांतरासाठी विभावरीबाईंकडे गेले. आईने लिहिले होते: बाजारातून आले तर खिळा रिकामा होता. मग कळले की तू परतलास. तुरुंगाच्या दाराशी गेले. आहे म्हणाले, भेट मिळणार नाही म्हणाले. दर गुरुवारी बेदाणे, लोकरी मोजे आणि रोटी नेऊन देते. ते घेतात. तुझ्या सहीची पोच देतात. एक पोच सोबत पाठवते आहे. तू इकडे असून तिकडेही पत्र पाठवते, याला शेजारी हसतात. पण आपल्याकडे एका पत्त्यावर विसंबून चालत नाही.

विभावरीबाईंनी पोच उजेडात धरून पाहिली, मग शुहरतपुढे ठेवली. कोणीतरी नक्कल केली असावी, असे त्यांचे मत होते.

“माझीच आहे, ओपा,” शुहरत म्हणाला. “शेवटच्या अक्षराची शेपटी बघा. मास्तर हातावर पट्टी मारायचे तिच्यापायी. सुटली नाही.”

“मग चांगलंच आहे की,” ठोसर म्हणाले. “पोचतंय म्हणजे.”

त्या दिवसापासून इल्होमने थट्टा बंद केली. दर आठवड्याला एक पोच येत राहिली आणि विभावरीबाई ती आधीच्या पोचेशेजारी ठेवून भिंगाने तपासत राहिल्या. तर्कातले भोक आता त्यांना दिसत होते: शुहरत परतला असेल तर तिकडे धरायला शुहरत होताच. मात्र ते नोंदवायचे कुठे, यासाठी केंद्राच्या कुठल्याही फॉर्मवर रकाना नव्हता.

सहाव्या पत्रात चारच ओळी होत्या. मोजे मिळाले ना? रोटी त्यांनी मोडून पाहिली, तरी दिली असेल. या गुरुवारची सही वाकडी आहे. तू डाव्या हाताने का केलीस?

विभावरीबाईंनी भाषांतर केले, खाली सही केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते तपासून न पाहता ठोसरांना दिले. ठोसरांनी वाचले. शुहरतला बोलावले.

“उजवा हात ठेवा मेजावर.”

शुहरतने ठेवला. ठोसरांनी एकेक बोट हलवून दाखवायला सांगितले. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पाचही बोटे हलली. कुठे सूज नव्हती, खरचटलेले नव्हते. नखांत तुतीचा जांभळा रंग होता.

“दुखतं का?” विभावरीबाईंनी विचारले.

शुहरतने मूठ मिटली आणि उघडली. “अजून नाही.”

हात ठीक असल्याची नोंद करण्यात आली. पुढच्या गुरुवारची पोच अद्याप आलेली नाही.