मंचर भाईचा पिंग

माझ्या आत्याला कुणी "कशी आहेस?" असं विचारलं की ती आकडा सांगायची.

"तीनशे चाळीस. सकाळी दोनशे नव्वद व्हता, दुपारी चढला."

समोरची बाई रक्तातली साखर समजून हळहळायची. "अगं बाई! गोळ्या घेता ना वेळेवर?"

"गोळ्यांनी काय व्हतंय? वायर बदलाय पाहिजे."

हा आकडा पिंगचा असायचा. कॉम्प्युटर सायन्सला असूनही मला तो नीट सांगता यायचा नाही. आत्या मात्र एका वाक्यात सांगायची. "आपण हॅलो म्हणायचं, आन तिकडनं हॅलो यायला जेवढा टाइम लागंल, तेवढा पिंग. सेकंदाचा हजारावा भाग करून मोजायचा."

ती मंचरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती, परगावचे कॉल हाताने जोडून द्यायची. पुढे एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं आणि तिला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. निवृत्तीनंतर ती बोरी बुद्रुकला माहेरच्या मळ्यात एकटी राहायला आली. त्याच सुमारास आईबाबांची बदली नागपूरला झाली. मला होस्टेलची भीती वाटली, म्हणून नारायणगावच्या कॉलेजात नाव घालून मीही तिच्याकडे आले. मी पुण्यातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. मला अनोळखी माणसांची, पालींची आणि टेलिफोनची भीती वाटायची. आत्याला याहून जास्त गोष्टींची वाटायची. आमचं जमलं ते त्यामुळेच.

माझ्या अभ्यासासाठी बाबांनी कॉम्प्युटर घेऊन दिला आणि फोनच्या लाइनीवर ब्रॉडबँड इंटरनेटही आलं. एकदा मी चार जणांनी मिळून किल्ला राखायचा एक खेळ उघडून बघत होते. आत्या मागे उभी होती. "हे पळतंय ते खरं मानूस हाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, कुठेतरी बसून कुणीतरी खेळतोय. ती खुर्ची ओढून बसली. त्या दिवसापासून मी अभ्यास वहीतच केला.

खेळात तिने बंदूक घेतली नाही. "नको बाई. कुणाला लागली म्हंजे?" म्हणून ती वैद्य झाली. तिघांनी लढायचं आणि जखमी झालेल्यापर्यंत धावत जाऊन हिने पट्टी बांधायची. दहा सेकंदांत पट्टी मिळाली नाही तर माणूस मेला. नाव विचारलं तेव्हा तिने सवयीने आपल्या एक्स्चेंजचं नाव टाकलं: मंचर. इंदूरचा कॅप्टन, दुबईतला एक ड्रायव्हर आणि कधी तोंडच न उघडणारा चौथा, हे तिघंही तिला पुरुष समजायचे.

"मंचर भाई, जल्दी आओ!" पडद्यावर अक्षरं उमटायची.

"होल्ड प्लीज," आत्या टाइप करायची आणि भिंतीच्या आडोशाने पळायची. खुर्चीत बसूनही तिला धाप लागायची. "आली रे, आली. पडून ऱ्हा. हलू नको."

पण तो हललेला असायचा. आमचं नेट इतकं मागे चालायचं, की तिला माणूस जिथे दिसायचा तिथून तो केव्हाच सरकलेला असायचा. पट्टी नुसत्या जमिनीला बांधली जायची. असं झालं की आत्या हात मांडीवर ठेवून बसून राहायची. एकदा दुबईवाला एकाच डावात तीनदा मेला, तेव्हा तिने रात्रीची भाकरी टाकली नाही.

मग पिंग उतरवण्याची मोहीम सुरू झाली. वायर जिथून घरात शिरते तिथून कॉम्प्युटर जितका जवळ तितकं बरं, म्हणून तो कांद्याच्या खोलीत गेला. स्वयंपाकघरातला दुसरा फोन काढून टाकला. घरातल्या लाइनीतला एकेक सांधा तिने कापला, तांबं घासून चकचकीत केलं, पुन्हा पीळ दिला आणि डाख मारला. चौदा सांध्यांचे पाच झाले. अर्थिंगच्या खड्ड्यात रोज एक कळशी पाणी पडायचं. त्याचा उपयोग नाही असं मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तहान लागती त्याला." मी माझ्या बाजूने पाठीमागे चालणारे सगळे प्रोग्रॅम बंद केले आणि खेळातलं चित्र इतकं साधं केलं की झाडांची पानं गेली. आत्याची तक्रार नव्हती. "झाड हाय एवढं कळलं म्हंजे बास."

पाहुण्यांनाही शिस्त लागली होती. ती खेळत असताना कुणी आलं, तर जुन्या ट्रंक कॉलसारखं ती घड्याळ बघून सांगायची, "तीन मिनिटं झाली, पावणं. एक्स्टेन्शन पाहिजे का?" बहुतेक जण उठायचे.

एवढं करून पिंग तीनशेच्या खाली टिकेना. आणि एका बुधवारी कॅप्टनचा निरोप आला. मी तो मोठ्याने वाचला. रविवारी दुपारी चार वाजता मोठा सामना आहे. मंचर भाईचा पिंग दोनशेच्या आत आला तर ठीक, नाहीतर दुसरा वैद्य बघावा लागेल. राग मानू नये.

आत्याने राग मानला नाही. ती घाबरली. "काढत्यात मला," ती म्हणाली. एक्स्चेंजमधून खिडकीवर पाठवलं तेव्हाची चिठ्ठी तिने कधीतरी दाखवली होती. तिच्यातही शेवटी राग मानू नये अशाच अर्थाचं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी तिने लाइनमन बाळूभाऊला बोलावलं. दोष कुठे आहे ते तिने आधीच शोधलं होतं. रस्त्यावरून मळ्याकडे येणारी तार शेजारच्या उसात लोंबली होती आणि तिथला सांधा उंदरांनी कुरतडला होता.

बाळूभाऊने उसाकडे बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "आत्या, त्याच्यात बिबट्याय."

"मला म्हाईत हाय."

"गेल्या आठवड्यात कुत्रं नेलं. पिंजरा लावलाय. पिंजऱ्यात नुसती शेळी बसलीय, त्यो बसंना."

"मंग?"

"मंग ऊस तुटू द्या. महिन्याभरात तोडणीची टोळी येती. तवा येतो."

"तवर माझी पोरं मरतील, भाऊ!"

बाळूभाऊ उभाच राहिला. "कुनाची पोरं? काय झालं?"

"एक इंदूरला हाय, एक दुबईला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. "तब्येत सांभाळा, आत्या," असं म्हणून तो मोटरसायकलकडे जरा घाईनेच गेला.

शनिवारी भर दुपारी आत्या पक्कड, चिकटपट्टी आणि स्टीलची परात घेऊन दारात उभी राहिली. तिने पदर खोचला होता. ओठ पांढरे पडले होते. "तू नको येऊ," ती म्हणाली. पण एकटीने घरात थांबायची मला त्याहून जास्त भीती वाटली.

बिबट्याच्या भागात उसाच्या कडेने जायचं तर बोलत जायचं, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. माणसाचा आवाज ऐकला की तो बाजूला होतो. अचानक गाठ पडली तर मात्र त्याचा भरवसा नाही. आत्याने परात वाजवली आणि एक्स्चेंजमधला आवाज काढला.

"हॅलो पुणे! पुणे, मंचर बोलतेय! हॅलो, घोडेगाव! लाइन क्लिअर करा!"

दोन्हीकडे डोक्याच्या वर ऊस. खाली कालव्याचं पाणी झिरपून चिखल झालेला. पाचटाची टोकं हाताला कापत होती.

"अगं बोल की तू बी!" आत्या ओरडली. "मी एकटीच बडबडले तर त्याला वाटंल येडी हाय."

चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, तो बिबट्यासमोर काय फुटणार? शेवटी जे पाठ होतं तेच तोंडातून आलं. "हायड्रोजन! हेलियम! लिथियम!"

"मोठ्यानं!"

"बेरिलियम! बोरॉन!"

तार दिसली. सांध्याचं तांबं हिरवं पडलं होतं. आत्याने परात माझ्या हातात दिली आणि खाली बसली. मी वाजवत होते आणि ओरडत होते. सिलिकॉनपर्यंत पोचले असेन, तेव्हा डावीकडचा ऊस हलला. वारा नव्हता. चार-पाच कांड्या एका रांगेत हलल्या आणि थांबल्या. पुढचं मूलद्रव्य मला आठवेना. त्याच वेळी मला आत्याच्या पुढ्यातल्या चिखलात उमटलेला ठसा दिसला. माझ्या तळहाताएवढा होता आणि त्यात अजून पाणी झिरपत होतं.

"आत्या."

"बघितला मी. तोंड बंद करू नको."

"आत्या, चल ना."

"आत्ता उठले तर सांधा कच्चा ऱ्हाईल." पक्कड दोनदा घसरली. तरी तिने तांबं घासलं, पीळ घातला, चिकटपट्टी चार वेढे गुंडाळली आणि तार उसावरून उचलून बांधाच्या बाभळीला बांधली. तेवढा वेळ मी काय ओरडत होते ते मला आजही सांगता येणार नाही. घरी आल्यावर आत्या म्हणाली की मी फॉस्फरस, फॉस्फरस एवढंच म्हणत होते.

संध्याकाळी पिंग एकशे ऐंशी होता. आम्ही दोघी आकड्याकडे बघत बसलो.

रविवारी पावणेचारला मला एक गोष्ट आठवली. आमच्या लाइनीवर फोनची घंटी वाजली की नेट तुटायचं. घंटी वाजवायला लागणारा जादा वीजप्रवाह त्या जुन्या तारेला सोसायचा नाही. पुन्हा जोडायला चार-पाच मिनिटं जायची. उपाय अगदी सोपा होता. "आत्या, तासभर फोनची पिन काढून ठेवू का?"

"न्हाई."

"अगं, कुणाचा आला तर..."

"फोनला हात लावू नको म्हणले ना!"

ती माझ्यावर रागाने कधी ओरडत नसे. कालचा ठसा बघूनही जी जागची हलली नाही, ती पिन काढायला नाही म्हणते, हे मला समजेना.

सामना सुरू झाला. आत्याने त्या दिवशी एकही पट्टी वाया घालवली नाही. कॅप्टन पडला, उठला. चौथा पडला, उठला. "वाह मंचर भाई!" चौथ्याने लिहिलं. त्याचे ते पहिले शब्द. आत्याच्या कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. मग दुबईवाला दरवाजापाशी पडला. आत्या धावली. अर्धं अंगण तिने ओलांडलं.

फोन वाजला.

पडदा थिजला. दुबईवाला गुडघ्यावर, आत्या त्याच्यापासून चार पावलांवर, एक पाय हवेत. मी आत्याकडे बघितलं. ती केव्हाच उठली होती.

"मंचर एक्स्चेंज," ती फोनवर म्हणाली. अगदी शांत. एरवी रविवारी दुपारी मी क्लासला असायचे, त्यामुळे तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "बोला मावशी. मुंबई ना? लावते. पर लाइन बिझी हाय. आवं रविवार हाय ना, समदी आजच लावत्यात. तवर माझ्याशी बोला. मासं गावलं का आज? कोनी आनलं?"

ती वीस मिनिटं बोलत होती. मधे नेट जोडलं गेलं. "मंचर भाई किधर हो", "भाई", "भाई??" आणि मग कॅप्टनचा शेवटचा निरोप. किल्ला पडला होता. आत्याचं नाव यादीतून गेलं होतं.

तिने फोन ठेवला, चष्मा लावून निरोप वाचला. "बरोबर हाय त्याचं. वैद्य जाग्यावर पाहिजे."

"कोण होतं?" मी विचारलं. मला राग आला होता.

"डिंभ्याच्या धरणाकाठची हिरामावशी. तिचा नवरा मुंबईला गोदीत व्हता. दर रविवारी गावातल्या सार्वजनिक फोनवरनं ट्रंक कॉल बुक करायची. लाइन मिळंस्तोवर माझ्याशीच बोलायची. त्यो जाऊन लई वर्षं झाली. आता तिला ध्यानात ऱ्हात न्हाई. सुनंनं फोनवर माझा नंबर एका बटणाला लावून दिलाय."

"मग एक दिवस नाही उचलला तर काय होईल?"

तिने चष्मा काढून पदराने पुसला. "नेट बसवलं तवा एकदा दिवसभर पिन काढून ठेवली व्हती मी. फोन उचलंना म्हणून ती निघाली एक्स्चेंजला. संध्याकाळी धरणात सापडली, गुडघाभर पान्यात उभी. यष्टी इथंच थांबती म्हणत व्हती. जुना रस्ता पान्याखाली गेला ना. तिला त्योच म्हाईत."

बाहेर शेजाऱ्यांची मोटर सुरू झाली. मी विचारलं, "तू तिला सांगत का नाहीस, तो गेला म्हणून?"

"सांगितलं एकदा. पहिल्यांदा ऐकल्यावानी रडली गं. पुढच्या रविवारी परत फोन, मुंबई लावा." आत्या पडद्याकडे बघत होती. "दर रविवारी कुठं मारत बसू त्याला?"

ती चहा ठेवायला उठली. पातेलं गॅसवर चढतंय तोच पुन्हा फोन वाजला. तिने हात पदराला पुसत रिसीव्हर उचलला.

"मंचर एक्स्चेंज. बोला मावशी." तिने थोडा वेळ ऐकलं. "न्हाई वो, कुठं? आज पहिलाच फोन हाय तुमचा. मी म्हणतच व्हते, मावशीचा अजून कसा आला न्हाई."