'टेक'चे त्रेसष्ट उपयोग

विश्वजितचा हिशेब सरळ होता. रोज सकाळी पंधरा मिनिटं साहेबांना इंग्रजी शिकवायचं आणि नोव्हेंबरात आठ दिवसांची रजा पदरात पाडून घ्यायची. साताऱ्याला शैलजाताईच्या नव्या घराची वास्तुशांत होती. धाकटा भाऊ आला नाही, तर ताई पुढची दहा वर्षं प्रत्येक फोनची सुरुवात त्याच विषयानं करणार, हे नक्की होतं.

टोकियोच्या बँकेतले त्याचे साहेब मोरिता-सान 'टेक' या क्रियापदानं हैराण झाले होते. गोळी, फोटो, बस, सल्ला, सूड, सगळं इंग्रज लोक एकाच क्रियापदानं कसं उरकतात? मराठी माणूस बस तेवढी पकडतो, फोटो काढतो, बाकीचं सगळं घेतोच. त्यामुळे विश्वजितला यात अवघड काही दिसेना. "तीसेक उपयोग असतील," तो बेफिकीरपणे म्हणाला.

मोरिता-साननी वहीत तीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर वेळापत्रक लागलं: साडेआठला वर्ग, रोज एक उपयोग, सबंध विभाग हजर, प्रत्येकाची तीन वाक्यं आणि त्याखाली साहेबांचा शिक्का. तिसावा उपयोग रजेच्या आदल्या दिवशी संपत होता. विश्वजित खूश.

मग विभागातल्या कोबायाशी-सान या कष्टाळू मुलीनं शब्दकोश उघडला आणि त्रेसष्ट उपयोग शोधून काढले. वेळापत्रक थेट जानेवारीत गेलं.

विश्वजितनं रजेचा विषय काढला तेव्हा मोरिता-साननी दातांतून हवा आत ओढली आणि "जरा अवघड आहे" म्हणाले. जपानात याचा अर्थ 'नाही' असाच होतो. रोज दोन उपयोग घेऊ म्हटलं, तर उजळणी कधी करायची, असा त्यांचा प्रश्न. वर्गाचा ताबा कुणीतरी लेखी घेतला, तरच रजा.

टोकियोजवळ इचिकावा गावातल्या घरी बायकोनं, सुचेतानं, हे शांतपणे ऐकलं. लग्नाआधी ती शाळेत इंग्रजी शिकवायची.

"मी घेते ताबा. लॅपटॉपवरून शिकवेन."

"अगं, पण तू वास्तुशांतीला येणार ना?"

"इथे साडेआठ म्हणजे तिकडे पहाटेचे पाच वाजलेले असतात. घरभर पाहुणे झोपलेले, त्यांच्यात मी काय 'टेक, टुक' करत बसू? आणि एकदा लेखी दिलं की मला हलता येणार नाही रे."

हे ती इतक्या खेदानं म्हणाली, की विश्वजितनंच तिची माफी मागितली. चार पानी ताबापत्र गेलं आणि त्याच दुपारी रजा मंजूर झाली.

साताऱ्यात ताईनं दार उघडलं आणि त्याच्या खांद्यामागे पाहिलं. "सुचेता कुठंय?"

त्यानं सगळं सांगितलं. ताई चिडली नाही. तिनं कामांच्या यादीतलं सुचेताचं नाव खोडलं आणि तिथं त्याचं घातलं.

आठ दिवसांत विश्वजितनं दोनशे लाडू वळले, चौदा नारळ खोवले आणि आत्याबाईंच्या गुडघ्याची हकिगत अकरा वेळा ऐकली. तिकडे सुचेता-सेन्सेईंनी, म्हणजे सुचेता मास्तरणींनी, एकूण सहा उपयोग शिकवले, रोज अठरा जणांचे वाकून नमस्कार घेतले आणि पावणेनऊनंतरचा दिवस स्वतःसाठी ठेवला.

बँकेच्या नोंदीत मात्र रजा विश्वजितच्याच नावावर आहे.