लाल ठिपक्याचं हँडल

चंपतराव लांजेवारांनी खिडकी लावायला हँडल ओढलं आणि हँडल हातात आलं. खिडकी जिथल्या तिथेच राहिली. बाहेर एप्रिलातलं नागपूरचं ऊन होतं आणि आत जिजाबाई होत्या. माणूस दोन्हीकडून तापायला एवढं पुरेसं होतं.

"अजी, तुटलं ना शेवटी?" जिजाबाई म्हणाल्या. "दोन महिन्यांपासून सांगून राहिली मी. साऱ्या खिडक्या नाड्यानं बांधून ठेवल्या. घर हाय का परकराचं दुकान?"

"तुटलं नाही, झिजलं," चंपतराव म्हणाले. "तुटणं वेगळं, झिजणं वेगळं."

हा फरक त्यांना कळणारच. हिंगण्याच्या एमआयडीसीत दारं-खिडक्यांचं सामान बनवणारा एक कारखाना होता, तिथे एकतीस वर्षं ते तपासणी खात्यात होते. माल चांगला की वाईट हे मशीन ठरवत नसे, मालकही ठरवत नसे, चंपतराव ठरवत. आपल्या हातून एकही खोटा नग बाजारात गेला नाही, हे त्यांनी लग्नाकार्यात सांगितलं होतं, बसस्टॉपवर सांगितलं होतं आणि एकदा तर मयतीतही सांगितलं होतं. घर बांधलं तेव्हा त्यांनी सागवानाच्या आठ खिडक्या करून घेतल्या आणि त्यांना आपल्याच कारखान्यातली आठ हँडलं लावली. शेकडो नगांतून स्वतः पारखून आणलेली. आता चोवीस वर्षांनी तीच हँडलं गोलगोल फिरत होती, आणि कारखाना बंद पडूनही दहा वर्षं झाली होती.

"सुशीलनं त्या दुर्गेशले सांगून ठेवलं," जिजाबाईंनी बातमी दिली. सुशील म्हणजे त्यांचा पुण्यातला मुलगा आणि दुर्गेश म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा. "सोमवारी सकाळी येते तो. हे सारं काढून सरकत्या खिडक्या लावून देते."

"माह्या सागवानाच्या खिडक्या काढते? काहून? हँडल गेलं म्हणून खिडकी काढते का कोणी? उद्या माहा चष्मा फुटला तर डोळे काढसान का माहे?"

"मंग आणा हँडल. रविवारी संध्याकाळपर्यंत बसले तर बसले. नाही तं सोमवारी दुर्गेश."

संताप यावा अशीच गोष्ट होती. ज्या माणसाने आयुष्यभर हँडलं तपासली, त्याच्या खिडक्या हँडलासाठी उखडल्या जाणार! चंपतरावांनी शनिवारी सकाळीच उरलेली सात हँडलंही काढली. दुकानात दाखवायला खरं तर एक पुरलं असतं. पण कोणतं किती झिजलं आणि मूळ माप काय होतं, हे आठ शेजारी ठेवल्याशिवाय कसं कळणार? आठही पिशवीत टाकली, मिलिमीटरचेही भाग मोजणारं आपलं जुनं व्हर्नियर खिशात घातलं आणि ते स्कूटरवर निघाले.

पहिल्या दुकानातलं हँडल आतून पोकळ निघालं. दुसऱ्यातलं वजनाला बरं होतं, पण त्याची भोकं जुन्या भोकांशी जुळत नव्हती, आणि सागवानात नवी भोकं पाडण्यापेक्षा चंपतरावांनी स्वतःच्या हाताला भोक पाडून घेतलं असतं. तिसरा दुकानदार म्हणाला, "मजबूत माल हाय काका." चंपतरावांनी तो मजबूत माल दोन बोटांत धरून वाकवून दाखवला.

"काका, वाकवलं तुम्ही! आता घ्या लागन हे!"

"जे वाकते ते मी घेऊ? आधी तू हे विकून कसा राहिला गा, ते सांग मले!"

हे ऐकून दुकानातली चार गिऱ्हाइकं हातातला माल ठेवून निघून गेली. दुकानदाराने हात जोडले. चंपतराव चौथ्या दुकानापाशी पोचले, तर त्यांच्याआधी फोनवरून त्यांची कीर्ती तिथे पोचलेली. त्यांना पाहताच दुकानाचं शटर अर्धं खाली आलं.

दुपारी साडेतीनला जिजाबाईंचा फोन आला.

"अजी, आंधी सुटून राहिली! खिडक्या धडाधड आपटून राहिल्या!"

"मंग बांध ना नाड्यानं."

"नाडा कशाले बांधू? हँडलाले बांधत होती मी नाडा! ते सारेच्या सारे घेऊन गेले ना तुम्ही!"

यात तथ्य होतं.  चंपतराव म्हणाले, "धरून ठेव थोडा वेळ."

"आठ खिडक्या हायेत अन् हात दोन हायेत मले!" जिजाबाई ओरडल्या, आणि पाठोपाठ फोनमधून काच फुटल्याचा आवाज आला.

ते घरी पोचले तेव्हा वारा थांबला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच ओट्यावर पसरली होती. पण काचेचं काही नाही, काच कोणीही बसवून देतो. समोरच्या खोलीत बाजेवर जिजाबाईंच्या कुरड्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून घातलेल्या वर्षभराच्या कुरड्या त्यांनी आभाळ पाहून गच्चीवरून घरात आणल्या होत्या, आणि घरातच त्यांच्यावर गल्लीची सगळी धूळ येऊन बसली होती.  जिजाबाईंनी एक कुरडई उचलून नवऱ्यापुढे धरली.

"खाऊन पाहा."

चंपतरावांनी खाल्ली. दाताखाली कचकन वाजलं.

"करा नापास," जिजाबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

रविवारी सकाळी महाल या जुन्या पेठेतली निम्मी दुकानं बंद होती. एका गल्लीत भैय्याजी नावाच्या म्हाताऱ्याचं जुनं हार्डवेअरचं दुकान तेवढं उघडं सापडलं. भैय्याजींनी झिजलेलं हँडल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, न बोलता आत गेले आणि धुळीने माखलेलं एक खोकं घेऊन आले. चंपतरावांना अक्षरशः भरून आलं. तीच घडण, तीच भोकं, हातात घेतल्यावर तोच भार. त्यांनी प्रेमाने एक नग उलटा केला. मागच्या बाजूला लाल रंगाचा ठिपका होता.

"हे कुठून आणलं तुम्ही?" त्यांचा आवाज चढला.

"भंगारात भेटलं होतं, हिंगण्याहून. कंपनीनं काढून टाकलं होतं. काहून?"

"कंपनीनं नाही, मी काढलं होतं! हा ठिपका माह्या हातचा हाय! लाल ठिपका म्हणजे नापास! हा माल भट्टीत जायले पाहिजे होता!" चंपतरावांनी व्हर्नियर काढून चौकटीत अडकणाऱ्या जिभेला लावलं. "हे पाहा. जीभ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड हाय."

"असन बावा," भैय्याजी म्हणाले. "तेवीस वर्षांपासून विकून राहिलो मी. अर्ध्या महालाच्या खिडक्या याच्यावरच लागते. एकही नग वापस नाही आला. अन् तुम्ही पास केले होते ते कुठं हायेत?"

चंपतरावांच्या हातातली पिशवी खुळखुळली.

त्यांचा नुसता तिळपापड झाला. एकतीस वर्षं ज्या नावासाठी मालकाशी भांडलो, दिवाळीचा बोनस एकदा हुकला, ते नाव भंगारवाल्याने मागच्या दाराने धुळीला मिळवलं! आपण नापास केलेला माल शहरभर राजरोस लागला आणि आपल्याला पत्ता नाही!

"तक्रार कोणाजवळ करू मी याची? कंपनी तं बंद झाली!"

"तपासणीवाल्याजवळ करा," भैय्याजी म्हणाले. "मले काय सांगून राहिले?"

चंपतराव ताडकन उठून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले. तिथे थोडा वेळ उभे राहिले. सोमवारी सकाळी सागवानाच्या चौकटीवर पडणारा दुर्गेशचा हातोडा त्यांना दिसायला लागला. ते परत आले, भैय्याजींकडे न पाहता म्हणाले, "आठ द्या. कागदात गुंडाळून."

समोरच्या खोलीच्या खिडकीला त्यांनी पहिलं हँडल बसवलं, तेही मनाविरुद्ध, तोंड वाकडं करून. चोवीस वर्षांत चौकटीची खाच घासून मोठी झाली होती, ती जेमतेम अर्धा मिलिमीटर. जाड जीभ तिच्यात टक्क करून बसली. खिडकी जागची हलेना. जिजाबाईंनी हाताने ढकललं, मग खांद्याने ढकललं, मग कौतुकाने हँडलावरून हात फिरवला.

"याले म्हणते हँडल! तुमच्याच कंपनीचं दिसते. ज्यानं हे पास केलं ना, तो माणूस खरा पारखी!"

बायको आयुष्यात पहिल्यांदा कामाचं कौतुक करत होती. गप्प बसले असते तर सोनं झालं असतं. पण एकतीस वर्षांची सवय आडवी आली.

"पास नाही केलं मी हे!" चंपतराव कडाडले. "नापास केलं होतं! सारी पेटीच्या पेटी नापास केली होती!"

"मंग टिकन," जिजाबाई शांतपणे म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? मलेही नापासच केलं होतं ना तुम्ही, पाहायले आले तेव्हा? उंचीत एक इंच कमी भरली म्हणून. मामंजीनं तुमचं ऐकलं नाही, म्हणून आली मी या घरात. बेचाळीस वर्ष झाले त्याले. झिजली का?"

  चंपतरावांनी नकारार्थी मान हलवली.

"मंग बसवा बाकीचे सात," जिजाबाई म्हणाल्या आणि सुशीलला फोन लावायला आत गेल्या.