साडेसहा किलोचं कौतुक

सकाळच्या चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत हारुन मुकादमांनी घोळ घालून ठेवला. उम्म अल कुवैन या अमिरातीच्या क्रिकेट संघाच्या पंधरा जणांत आपल्या नोमानचं नाव आलंय म्हणून ती यादी त्यांनी ‘कोकण किनारा मित्रमंडळ, ऊद मेथा शाखा’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिली. मंडळाला दुसरी शाखा नव्हती. पदाधिकारी मात्र अकरा होते, आणि गेल्या ईदपासून सत्कार करायला कुणीच हाती लागलं नव्हतं.

“अब्बा, डिलीट करा ना! अजून एक बॉल टाकला नाहीये मी,” नोमान कळवळून म्हणाला.

“टाकशील रे, इन्शाल्ला. मंडळाच्या बाप्टिस्टचा फोनपण येऊन गेला. सत्काराला हॉल बुक झालाय.”

नोमान बावीस वर्षांचा डावखुरा फिरकीपटू. दिवसभर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका गोदामात खोकी स्कॅन करायची आणि संध्याकाळी नेट्समध्ये बोटं झिजवायची, अशी चार वर्षं काढली तेव्हा कुठे हे नाव लागलं होतं. संघात डावखुऱ्या फिरकीला जागा एकच. तिच्यावर तनिष नावाचा राखीव खेळाडू डोळा ठेवून बसलेला. शनिवारी पहिला सामना होता. तो हुकला की तनिष आत आणि नोमान बाहेर, इतकं सरळ गणित.

मंडळाचे अध्यक्ष बाप्टिस्ट मूळ वसईचे, एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर. रिकामा हॉल त्यांना बघवत नसे. सोमवारी त्यांनी निवडीबद्दल सत्कार केला. बुधवारी महिला आघाडीने वेगळा केला, कारण सोमवारी त्यांना स्टेजवर खुर्च्या मिळाल्या नव्हत्या. दोन्ही दिवशी नोमानच्या नेट्स बुडाल्या. कोच खानसाहेबांचा व्हॉइस मेसेज आला, “बेटा, बॉल भी डालोगे या शॉल ही ओढते रहोगे?”

नोमानने तडक बाप्टिस्टना गाठलं. “अंकल, फ्रायडेला तरी नको. नेक्स्ट डे मॅच आहे.”

“अरे हबीबी, म्हणून तर मुख्य सत्कार फ्रायडेला!”

“मॅचनंतर करा ना.”

“नंतर?” बाप्टिस्टनी त्याच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. “नंतर तू हरलास तर करता येईल का रे बाबा?”

घरी अम्मीने, म्हणजे हाफिजाने, साठ माणसांची सांदणं करायला घेतली होती. नोमान मुकाट्याने इस्त्रीचा शर्ट शोधू लागला.

शुक्रवारी संध्याकाळी हॉल भरला. शाल झाली, श्रीफळ झालं, चार भाषणं झाली. त्यांतली तीन बाप्टिस्टांची. मग आलं स्मृतिचिन्ह. संगमरवराच्या जाड पाटावर पितळेची कोकण किनारपट्टी आणि तिच्यात उभी रोवलेली बॅट.

“साडेसहा किलो!” बाप्टिस्ट माइकवरून गरजले. “साडेचारशे दिरहॅम! म्हणजे आपले दहा हजारांच्या वर! हलकं काम मंडळ करतच नाही!”

आता फोटोत हात कुणाचा नको? अकराच्या अकरा पदाधिकारी पुढे सरसावले आणि प्रत्येकाने स्मृतिचिन्हाला हात लावला. लावला म्हणजे नुसता लावला. वजन दुसऱ्या कुणीतरी पेललंय, अशी प्रत्येकाची खात्री होती. नोमानचा डावा हात सगळ्यांत खाली, टेबलाच्या कडेशी.

“स्माइल!” बाप्टिस्टांची बायको रोझ मोबाइल धरून ओरडली. “खलास, झाला!”

फोटो झाला म्हटल्यावर अकरा हात एकदम निघाले आणि आख्खी कोकण किनारपट्टी नोमानच्या बोटावर बसली.

“काही नाही, काही नाही! टाळ्या!” बाप्टिस्ट म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नोमानच्या डोळ्यांत पाणी बघून पुढच्या रांगेतल्या बायका म्हणाल्या, “किती भरून आलंय पोराला!”

एक्स-रेत बारीकशी चीर निघाली. तीन आठवडे चेंडूला हात लावायचा नाही. शनिवारी नोमानने सोफ्यावर बसून सामना पाहिला. तनिषने चार विकेट घेतल्या. शेजारी हारुनना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मोबाइल त्यांनी स्वतःहून बंद करून हाफिजाकडे दिला होता. “चुकलंच माझं,” एवढंच ते म्हणाले आणि पोराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

महिना गेला. बोट जुळलं. उपांत्य सामना तोंडावर आला, तरी जागा एकच आणि तीत तनिष. आणि एका संध्याकाळी बाप्टिस्ट घरी आले, थोडे ओशाळलेले.

“नोमान, राग मानू नकोस हां. त्या तनिषची आई देवगडची निघाली रे. म्हणजे आपलाच मुलगा. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी छोटासा सत्कार ठेवतोय. मोमेंटो अगदी हलका, प्लास्टिकचा.”

नोमान ताठ बसला. चार वर्षांत एखादा चेंडू इतक्या नेमक्या जागी पडताना त्याने पाहिला नव्हता.

“नो, अंकल. प्लास्टिक का? चार विकेट घेतल्यात त्याने. मार्बलच पाहिजे. माझ्याहून जड. आणि फोटोत सगळे पदाधिकारी घ्या.”

हारुननी पोराकडे चमकून पाहिलं. बाप्टिस्टांचे तर डोळेच भरले.

“स्वतःची जागा गेली, तरी त्याच्यासाठी इतकं! अरे, केवढं मन हे!” त्यांनी खिशातून फोन काढला. “यल्ला, ठरलं. तुझ्या या मोठ्या मनाचाही सत्कार. त्याच दिवशी, त्याच स्टेजवर. मोमेंटो एकच, आठ किलोचा. तू आणि तनिष, दोघांनी मिळून धरायचा!”

नोमानने डावा हात हळूच खिशात घातला.