सगुणाबाईंनी बागेचे आभार मानले त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, फार वाहतूक होती.

मांडी घालून बसा. जंगलात कसली वाहतूक, असं मागच्या रांगेतून कोण विचारतंय? तू कधी गेला आहेस का जंगलात? नाही ना? मग गप ऐक.

तर त्या जंगलात पुढच्याला सरकवायला हत्ती सोंड वर करून तुतारी वाजवायचे. हत्तींच्या मागे अडकलेली रानडुकरं किंचाळायची. वरून जाणारी माकडं खालच्यांना शिव्या घालायची, कारण खालचे खाली होते. वाळवीने चौदा-चौदा मजल्यांचे टॉवर बांधले होते आणि पंधराव्याचं काम सकाळपासून ठकठक चालूच असायचं.

याच जंगलात सगुणाबाई नावाच्या एक साळिंदर राहायच्या. वनपालिकेत नोकरीला होत्या, आवक विभागात. कुणी अर्ज घेऊन आलं, की तो अर्ज सगुणाबाईंच्या पाठीवरच्या काट्यात टोचायचा. टोचला की तक्रार नोंदवली गेली. पुढे काय व्हायचं? पुढे काही व्हायचं नाही. पाठ भरली की कागद काढून कोठीत टाकायचे आणि पुढचा अर्जदार बोलवायचा.

काम सोपं होतं. अवघड होते ते काटे. साळिंदराचे काटे आवाज झाला की उभे राहतात, आणि त्या जंगलात आवाज व्हायचा थांबतच नसे. घरी गेल्यावर सगुणाबाईंची छोटी लेक चिमी धावत यायची आणि आईपासून दोन हातांवर थांबायची.

"आई, आज जवळ येऊ?"

"आज नको गं राणी. टोचेल."

हे रोजचं होतं. एक वर्ष झालं, सगुणाबाईंनी स्वतःच्या लेकीला पोटाशी धरलं नव्हतं. लेक दारातूनच आईला हात हलवायची आणि आई आतून हात हलवायची. एकाच घरात! सगुणाबाई मग भांडी घासता घासता रडून घ्यायच्या.

एके दिवशी काय झालं, गेंड्यांच्या कुठल्याशा मंडळाची मिरवणूक चौकात अडकली. पुढे ढोल, मागे तुताऱ्या. सगुणाबाई मागे सरकत सरकत दोन टॉवरांमधल्या फटीत शिरल्या. फट पुढे रुंद झाली. आणि बघतात तर काय, बाग!

बाग कसली, बागेचा तुकडा. हत्तीने तिथे अंग टाकलं असतं तर शेपूट रस्त्यावर आलं असतं. एक उंबर, उंबराखाली एक दगडी बाक, एक हौद. हौदात दोन बेडूक, तेही मितभाषी. आणि धोंडीबा नावाचं एक म्हातारं कासव झारीने अळूला पाणी घालत होतं.

सगुणाबाई बाकावर बसल्या. उंबराचं एक पान खाली आलं. ते पडल्याचा आवाज आला! पान पडल्याचा आवाज त्यांनी माहेर सोडल्यापासून ऐकला नव्हता. आणि मग पाठीवर सुर्रर्र झालं. एक काटा खाली बसला. दुसरा बसला. पाव तासात सगळी पाठ विंचरल्यासारखी सपाट!

त्या घरी पळतच गेल्या. चिमी दोन हातांवर थांबली.

"ये," सगुणाबाई म्हणाल्या.

चिमी आली. मग त्या दोघींनी काय केलं ते सांगत बसत नाही. तुम्हालाही आई आहे.

तेव्हापासून रोज कचेरी सुटली की पाव तास बाग, आणि मग घरी चिमीला मांडीवर घेऊन गोष्टी. सगुणाबाई गुणगुणायला लागल्या. एकदा तर रस्त्यात एका रानडुकराला "आधी तुम्ही जा" म्हणाल्या. ते बिचारं घाबरून मागे वळलं.

आता बाळांनो, इथे सगुणाबाईंच्या हातून चूक झाली. नीट लक्ष द्या, कारण तुमच्या घरी तुम्हाला हीच चूक करायला शिकवतात.

त्यांनी आभार मानले.

उंबराच्या खोडाला सुतळीने एक वही टांगलेली होती. वर लिहिलं होतं 'अभिप्राय'. अकरा वर्षांत तिच्यात कुणी काही लिहिलं नव्हतं. फक्त पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिल चालते का ते बघून ठेवलं होतं. सगुणाबाई चांगल्या घरातल्या. त्यांनी लिहिलं, "इथे फार शांत वाटतं. आभारी आहे." आणि खाली सही.

धोंडीबाने वाचलं आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. "बाई, जन्मात पयल्यांदा कुनी चांगलं लिवलं. सायबाला दावतोच!" वही पाठीवर टाकून तो निघाला. दोन गल्ल्यांवरच्या कचेरीत पोचायला त्याला चार दिवस लागले. वाटेत भेटेल त्याला वाचून दाखवत होता ना!

वनपालिकेचे मुख्याधिकारी होते गवेसाहेब. अंगाने डोंगर, मनाने लोणी. त्यांनी वही वाचली आणि मटकन खाली बसले.

"हे... हे आभार आहेत," साहेब म्हणाले. "लेखी आभार!"

कचेरीत धावपळ उडाली. तातडीने बैठक बोलावली. सगुणाबाईही होत्याच. साहेबांनी नियमांचं पुस्तक काढून मोठ्याने वाचलं: 'आलेल्या प्रत्येक लेखी कागदावर सात दिवसांत कार्यवाही करावी. कागद तक्रारीचा असल्यास तो टोचणे हीच कार्यवाही समजावी.' त्याच्या खाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं. पण त्या कचेरीत बारीक अक्षर वाचायची पद्धत नव्हती.

"तक्रार असती तर टोचून मोकळे झालो असतो," साहेब घाम पुसत म्हणाले. "हा तक्रारीचा कागद नाही. म्हणजे खरंच काहीतरी करावं लागणार!"

अशी वेळ वनपालिकेवर कधी आली नव्हती. दोन कारकून जागच्या जागी रजेवर गेले.

तेवढ्यात वानरे अभियंता टेबलावर उडी मारून म्हणाले, "सोपं आहे, साहेब! नागरिकाला शांतता आवडली. आपण शांतता वाढवू!"

टाळ्या पडल्या. सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, पण आहे तेवढी पुरे..." पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू जाणार?

आणि मग काय विचारता, बाळांनो!

आधी बागेचं उद्घाटन झालं. बाग अकरा वर्षं उघडीच होती, म्हणून आदल्या दिवशी ती बंद केली. ढोलपथक आलं. फटीत मावेना, म्हणून फट फोडून कमान केली. कमानीवर पाटी: 'शांतता संवर्धन केंद्र'. गवेसाहेबांनी स्वतःच्या हाताने सगुणाबाईंना शाल पांघरली. शालीची चाळणी झाली. नारळ दिला, तो दुसऱ्या काट्यात रुतून बसला. मग शांततेचं महत्त्व या विषयावर सहा भाषणं झाली. सहावे वक्ते म्हणाले, मी दोनच शब्द बोलणार आहे, आणि अंधार पडेपर्यंत बोलले.

पुढच्या आठवड्यात पाट्या आल्या. 'शांत बसा.' 'शांत चाला.' 'येथे शांततेसोबत फोटो काढा.' मग शिट्टी घेऊन एक मुंगूस आलं. कुणी मोठ्याने श्वास घेतला की ते शिट्टी फुंकायचं. बेडकांना तर त्याने पहिल्याच दिवशी लेखी समज दिली. आणि कमानीवर भोंगा बसवून तिथे एक टिटवी नेमली. दर पाच मिनिटांनी ती ओरडायची:

"नागरिकांनी कृपया शांतता राखावीऽऽ! राखावीऽऽ! राखावीऽऽ!"

सगुणाबाईंचे काटे असे उभे राहिले, की त्यांना बाकावर टेकता येईना. तशाच घरी गेल्या. चिमीला आता सवय झाली होती. ती न थांबता धावत आली आणि आईला बिलगली.

किंचाळली. नाकावर रक्ताचा थेंब आला.

"तुझा काही दोष नाही, आई," नाक धरून चिमी म्हणाली आणि आपणहून दोन हातांवर जाऊन उभी राहिली.

सगुणाबाईंना आपलाच राग आला. कुठून दुर्बुद्धी झाली आणि ती पेन्सिल हातात घेतली! दुसऱ्या दिवशी त्या तडक गवेसाहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, हात जोडते. तिथे काहीच करू नका."

साहेबांना गहिवरून आलं. "किती हा संकोच, सगुणाबाई! तुमच्यासारख्या गुणी नागरिकासाठी अजून खूप करायचंय. काहीच नको असेल तर तसा अर्ज द्या. त्यावरही जोरदार कार्यवाही करू! आणि हो, सोमवारी तो उंबर काढतोय."

"उंबर? का?"

"त्याच्यामुळे पाट्या दिसत नाहीत ना."

सगुणाबाई बागेत आल्या. भोंगा चालू होता. उंबराच्या बुंध्याशी धोंडीबा मान आत घेऊन बसला होता.

"धोंडीबा, माझंच चुकलं हो."

कवचातून आवाज आला, "तुमचं न्हाई बाई. वही मीच नेली. माझ्या घरच्या नळापायी मी तरणाताठा असताना तक्रार दिली व्हती. तवापासून नळाकडं येक कारकून फिरकला न्हाई. आनि बागंचं चांगलं लिवलं, तर सगळी वनपालिका हितं राहाया आली!"

सगुणाबाई जागच्या जागी थिजल्या.

"काय म्हणालात? तक्रार दिली तेव्हापासून कुणीच फिरकलं नाही?"

"कुत्रंसुदिक न्हाई."

सगुणाबाई वळल्या आणि कचेरीकडे धावत सुटल्या. कपाटातून नियमांचं पुस्तक ओढलं, खिडकीशी नेलं, आणि त्या कचेरीच्या इतिहासात प्रथमच कुणीतरी बारीक अक्षर वाचलं. 'ज्या जागेची तक्रार प्रलंबित असेल, तेथे ती निकाली निघेपर्यंत कोणतेही काम करू नये. केल्यास करणाऱ्याने तक्रारीस उत्तर द्यावे.'

त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पाठीवरचे चार अर्ज गळून पडले.

सोमवार उजाडला. सुतारपक्ष्यांची टोळी चोची परजून उंबरावर बसली. गवेसाहेब नारळ फोडायला हजर. वानरे अभियंता कमानीला उलटे लटकून मोजमाप घेत होते. टिटवीने नुकतंच "राखावीऽऽ" म्हणून श्वास घेतला होता. तेवढ्यात सगुणाबाई आल्या. हातात अभिप्राय वही.

"थांबा! मला या बागेविषयी एक लेखी तक्रार द्यायची आहे."

सुतारपक्ष्यांच्या चोची हवेतच राहिल्या.

"तक्रार?" गवेसाहेब पांढरे पडले. "तुम्ही? लेखी?"

सगुणाबाईंनी मोठ्याने वाचलं, "या बागेत बसवत नाही. बाक टणक आहे, उंबर नको तिथे आहे, बेडूक उद्धट आहेत. अशी भिकार जागा मी जन्मात पाहिली नाही. कळावे." मग त्यांनी सगळ्यांदेखत तो कागद वहीतून फाडून काढला, हात मागे नेला आणि स्वतःच्या पाठीवर, अगदी आतल्या काट्याला टोचला.

"नोंदवली," त्या म्हणाल्या. "आता काम करा की. बारीक अक्षरात लिहिलंय, जो करेल त्याने उत्तर द्यायचं."

उत्तर! बाळांनो, वाघ आला म्हटलं असतं तरी इतकी पळापळ झाली नसती. सुतारपक्षी उडाले. वानरे लटकल्या जागेवरून दिसेनासे झाले. मुंगूस शिट्टी तोंडात धरूनच पळालं, त्यामुळे ते कुठे गेलं ते बराच वेळ ऐकू येत होतं. टिटवीने भोंगा उपटून बगलेत मारला. गवेसाहेब नारळ तसाच घेऊन कमानीतून निघाले, खांद्याला कमान अडकली, तीही घेऊन गेले.

मग उंबराचं एक पान खाली पडलं. त्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी सगुणाबाई चिमीला घेऊन बागेत आल्या. पाव तास बसल्या. सुर्रर्र झालं. चिमी आधी एका बोटाने आईच्या पाठीला हात लावून बघत होती, मग दोन बोटांनी, आणि मग ती जी आईच्या पोटात शिरली ती तिथेच झोपली.

ती तक्रार अजून निकाली निघालेली नाही. कशी निघेल? ती सगुणाबाईंच्या पाठीवर अगदी आतल्या काट्याला आहे आणि आवक विभागात सगुणाबाईच आहेत. पण सावध असलेलं बरं, म्हणून बागेत येणारे चार-दोन जण रोज वहीत काहीतरी लिहून जातात. 'थर्ड क्लास.' 'वेळ फुकट गेला.' 'पुन्हा पाऊल ठेवणार नाही.' दुसऱ्या दिवशी तेच जण पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतात. धोंडीबा ते वाचतो आणि आनंदाने डोळे पुसतो.

परवा एक नवखा ससा आला. दमलेला, कान पाडून. बराच वेळ बसला. जाताना त्याने पेन्सिल उचलली आणि म्हणाला, "किती छान वाटलं हो! दोन ओळी आभाराच्या..."

"नाऽऽही!" अख्खी बाग ओरडली. मितभाषी बेडूकसुद्धा.

चिमीने त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि त्याला प्रेमाने समजावलं, "दादा, आवडलीय ना तुला बाग? मग शिव्या दे."

तात्पर्य: मुलांनो, चांगल्या गोष्टीचं तोंड भरून कौतुक करावं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. अवश्य शिका, पेपरात लिहा. पण ज्या गोष्टीवर तुमचा खरोखर जीव आहे, तिची वेळच्या वेळी लेखी तक्रार करत जा. म्हणजे तिच्या वाटेला कुणी जाणार नाही.

आणि ही गोष्ट आवडली असेल, तर कृपा करून बाहेर कुठे बोलू नका.