पिंगळी मुक्कामी कडूबाईचे सत्र जमा जाहले त्याची हकीकत

स्वस्ति श्री. शके अठराशे एक्याऐंशी, विकारी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, मौजे पिंगळी, जिल्हा परभणी, येथे जो प्रसंग गुदरला तो पुढील पिढ्यांस कळावा, आणि विद्यापीठाच्या दप्तरी तो धडपणे लिहिला जाणार नाही याची आम्हांस पक्की खातरी, म्हणोन ही लेखणी हाती धरिली. आम्हांस कोणी आज्ञा केली नाही, वतन दिले नाही, चहादेखील पाजिला नाही. जे पाहिले ऐकिले तेच लिहिले. किंचित वाढविले असेल तर तो बखरकाराचा हक्क होय.

निजामाची सत्ता बुडाली, मुलूख हिंदुस्थानात सामील जाहला, मग हैदराबादेचे तुकडे पडून परभणी मुंबई राज्याकडे आली, आणि उर्दू दप्तरे गाठोड्यांत बांधून माळ्यावर गेली, आणि मराठी दप्तरे गाठोडी सोडून मेजावर आली. त्या धामधुमीत विद्यापीठ नामे नवी दौलत उदयास आली. तिने मनसुबा केला की खेडोपाडीच्या स्त्रियांस विहिरीची सफाई, बियाण्याची पारख आणि बिनधुराची चूल यांचे शिक्षण द्यावे. या अभ्यासास पदवी नाही, काळा झगा नाही, समारंभ नाही; परंतु जी बाई सत्र पुरे करील तिचे ते सत्र पुढील शिक्षणात जमा धरावे, ऐसे फर्मान सुटले. मग पिंगळीच्या धर्मशाळेत ठाणे बसले आणि त्याची किल्लेदारी राजमान्य राजेश्री वैजीनाथ मास्तर यांस मिळाली. मास्तर गावचेच, शिकविण्यात शूर, नियमांच्या कामी अगदीच भोळे.

या ठाण्यात कडूबाई ही खाशी वीरांगना. सातवी पास होऊन सासरी आलेली, बुद्धीने तल्लख, बोलण्यास कमी. तिच्या मनाने घेतले की ग्रामसेविका व्हावे. शिक्षणकेंद्रात जागा मिळत होती, परंतु अट ही की मान्य अभ्यासाचे एक सत्र पदरी असावे. आणि पुढील साली वयाची मर्यादा उलटत होती, म्हणोन जे साधावयाचे ते याच साली. सासू झुंबरबाई तोंडाने तिखट, परंतु सुनेच्या बेतास तिने नाही म्हटले नाही. उलट, "ही येकटी कशी जाईल?" म्हणोन आपणही नाव घातले, आणि शेजारीण धुरपदाबाईसही ओढून आणिले.

इतक्यात कापूस फुटला. शेते पांढरी जाहली आणि वेचणीची निकड पडली, आणि वर्ग तर रोजचा. मग तिघी बायांनी बांधावर बसोन मसलत केली आणि सावड घातली. सावड म्हणजे या मुलखाची जुनी रीत: आज तुझ्या रानात सारे, उद्या माझ्या रानात सारे, आणि जो येतो तो आपल्या घराच्या वतीने येतो. त्या रीतीप्रमाणे एकीने वर्गास जावे, दोघींनी तिच्या वाटची वेचणी करावी, आणि सांजेस वर्गवालीने ऐकिलेले सर्व त्या दोघींस शिकवावे. हजेरीत तिघींची नावे निघत, आणि पाळीची बाई तिन्ही वेळा खणखणीत "हजर" म्हणे. यात काही वावगे आहे ऐसे कोणाच्या ध्यानीमनी आले नाही. मास्तर तर सावडीतच वाढलेले. त्यांनी तीन नावांपुढे तीन खुणा केल्या आणि पुढचा धडा काढिला.

इकडे विद्यापीठात वेगळेच रण माजले होते. ज्या अभ्यासास पदवी नाही त्यावर देखरेख कोणी करावी? विद्वत्सभा म्हणे, पदवी नाही तर आमचा संबंध नाही. विस्तार मंडळ म्हणे, सत्र जमा होणार तर तो विद्वत्सभेचा प्रांत. खलित्यामागून खलिते सुटले, आणि दोन्ही फौजा ऐशा आवेशाने मागे हटल्या की मधला मुलूख अवघा मोकळा पडला. अखेर तोडगा निघाला की समिती धाडावी. आणि समिती नेमिली की निम्मे काम जाहले ऐसे मानण्याचा त्या दौलतीचा रिवाज आहेच.

मग समितीची स्वारी रेल्वेने पिंगळी ठेसनात उतरली. अग्रभागी प्राचार्य दिनकरराव, देहाने भव्य, मिशीने करडे, मनाने हसरे. मागे दोन विद्वान, आणि वळकट्या, आणि थर्मास, आणि छत्र्या, जरी आभाळात ढग औषधालाही नव्हता. बैलगाडीने स्वारी धर्मशाळेत आली, आणि दिनकररावांनी रिवाजाप्रमाणे जाहीर केले की समितीचे नेमलेले अध्यक्ष कन्येच्या लग्नात गुंतले असल्याने त्यांच्या वतीने आपण आलो आहो. आणि हे दोघेही आणखी दोघांच्या वतीने आले आहेत. मास्तरांनी मान डोलाविली. गावानेही डोलाविली.

मग दिनकररावांनी हजेरी स्वहस्ते घेतली. त्या दिवशी पाळी झुंबरबाईची. "धुरपदाबाई" म्हणताच झुंबरबाई गरजली, "हजर!" "झुंबरबाई" म्हणताच तीच गरजली, "हजर!" "कडूबाई" म्हणताच पुन्हा तीच, आणि या खेपेस अधिक जोराने, कारण सून घरची. दिनकररावांचा चष्मा नाकावरोन घसरला. मास्तरांनी सावडीचा खुलासा मोठ्या उत्साहाने केला, आणि जो जो खुलासा केला तो तो प्रसंग बिघडत गेला. समितीने जागीच हुकूम फर्माविला की परक्याच्या हजेरीवर सत्र धरता येत नाही, सबब तिघींचे सत्र रद्द.

बातमी रानात पोहोचली. कडूबाई ओटीतला कापूस तसाच घेऊन धावत आली आणि दारात उभी राहिली. आम्ही तेथे होतो. त्या पोरीचा चेहरा पाहोन, बखरकाराने कोणाचा पक्ष घेऊ नये हा नियम आम्ही तेथेच सोडिला.

"साहेब," ती कशीबशी म्हणाली, "म्या चोरी न्हाई केली. समदं शिकलेय."

दिनकररावांस वाईट वाटले, परंतु नियम पुस्तकात होता आणि पुस्तक पिशवीत होते. तेव्हा झुंबरबाई पदर खोचून पुढे आली.

"मी काय म्हंते साहेब, तुमी दुसऱ्याच्या बदल्यात आलात न्हवं?"

"होय बाई. त्यांच्या वतीने."

"मंग हितं जे बघितलं ते जाऊन त्यास्नी सांगताल का न्हाई?"

"सांगणार तर. सविस्तर सांगणार."

"आन् त्यांनी मांडवात बसून बी समितीत त्यांचं नाव ऱ्हाईल?"

"राहील."

"मंग आमी बी तेच करायलोत की! आमची सावड तेवढी खोटी का?"

मग एका विद्वानास ठसका लागला, दुसऱ्याने छत्री उघडून मिटली, आणि दिनकरराव ऐसे हसले की बाहेरचे बैल दचकले. कडूबाई मात्र हसली नाही. तिची नजर त्या पिशवीवर खिळली होती.

मग भाकरी, पिठले आणि ठेचा यांवर दरबार भरला आणि मसलत जाहली. पुस्तक उघडिले. त्यात हजेरीचा नियम पदवीच्या विद्यार्थ्यांकरिता होता; बिनपदवीच्या अभ्यासाकरिता काहीच नव्हते, कारण दोन्ही मंडळांनी तो मुलूख मोकळा सोडिला होता. मग दिनकररावांनी हात धुवोन फर्माविले की नियम नाही तर तो येथेच करावा: प्रत्येकीची परीक्षा स्वतंत्र घ्यावी, तीही ज्या दिवशी ती वर्गास आली नव्हती त्या दिवसाच्या धड्यावर; उतरेल तिचे सत्र जमा; आणि इतःपर "हजर" ज्याचे त्यानेच म्हणावे.

प्रथम धुरपदाबाई. तिला विहिरीत टाकावयाच्या लाल औषधाविषयी पुसले, तिने बियाण्याविषयी सांगितले, तेही अर्धेच, आणि "मला कुठं नोकरी करायचीय?" म्हणोन आनंदाने नापास होऊन भाकरी थापावयास गेली. झुंबरबाई काठावर उतरली. मग कडूबाई. तिच्या वाट्यास बिनधुराची चूल आली, जो धडा तिने झुंबरबाईकडोन ऐकिला होता. तिने डोळे मिटिले आणि एका दमात सांगो लागली.

"धुराडं सरळ ठेवावं, तोंड लहान ठेवावं, लाकडं वाळलेली घ्यावी, राख रोज काढावी, आन् सून झोपाळू असंल तर कसली बी चूल बांदा, धूर व्हतोच."

दिनकररावांनी गंभीरपणे पुसले, हे शेवटचे कलम अभ्यासक्रमात आहे काय? मास्तर पाहतात पुस्तकाकडे, आणि झुंबरबाई पाहते छताकडे.

"आत्याबाईंनी जसं शिकवलं तसंच सांगितलं," कडूबाई म्हणाली, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली.

अवघी धर्मशाळा हास्यकल्लोळात बुडाली. झुंबरबाई लाजली, ऐसे पूर्वी घडल्याचा दाखला गावात नाही. दिनकररावांनी निवाडा दिला की इतका चोख पाठ आपल्या महाविद्यालयातही कोणी म्हणत नाही, सबब कडूबाईचे सत्र जमा. कडूबाई मटकन खाली बसली आणि ओटीतला कापूस डोळ्यांस लावून रडली, आणि झुंबरबाई तिच्यावर खेकसली की इकायचा कापूस भिजवू नको.

निवाडा विद्यापीठात पोहोचला, आणि मोहीम फत्ते जाहली ऐसे कळताच विद्वत्सभा म्हणाली, देखरेख आमची. आणि विस्तार मंडळ म्हणाले, पूर्वीपासोन आमचीच. तो तंटा अद्याप चालू आहे आणि आमच्या हयातीत मिटेल ऐसे दिसत नाही.

पौषात कडूबाई केंद्रास निघाली. ठेसनात सारी आळी जमा जाहली. गाडी हलली तेव्हा झुंबरबाई खिडकीसोबत चालत म्हणाली, "पोरी, तिथं जे शिकवतील ते दर आयतवारी लिहून धाड. मास्तर वाचून दाखवतील. आमी हितं समद्या बसणार हाव."

येणेप्रमाणे कडूबाई फत्ते पावली. केंद्राच्या दप्तरी विद्यार्थिनी एक लिहिली गेली, आणि पिंगळीत त्याच शिक्षणास अवघी आळी बसली, धुरपदाबाईसुद्धा. या आळीवर देखरेख कोणत्या मंडळाची, हे पुसण्यास अद्याप कोणी आले नाही. आणि कोणी येईल तर झुंबरबाई बोलावयास समर्थ आहे. जे घडले ते लिहिले.