डायवर उठेपर्यंत

डायवर जेवत असला की यष्टी कुठंच जात नसते! या एका शोधावर सिद्धरामनं आजवर सगळा प्रवास केला होता, आणि त्याची एकही गाडी चुकली नव्हती. तसं तो भेटेल त्याला ऐकवायचाही.

आज मात्र बायकोनं, विशाखानं, लातुरातच बजावलं होतं. "हिमायतनगरला माझ्या धाकल्या भणीचा साखरपुडा हाय. नवरदेवाची अंगठी तुमच्या खिशात हाय. मागं बारशाला उशिरा गेलाव, तर आमचे अण्णा वर्षभर बोलले न्हाईत तुमच्याशी. आज वेळेवर पोचायचं आन् पोटभर जेवायचं!"

"घंटाभर आधी पोचतो बघ!"

अहमदपूरला गाडी थांबली. डायवर उतरून केवळाबाईच्या खानावळीत शिरला. विशाखाला जागेवर बसवून सिद्धरामही मागोमाग गेला आणि बरोब्बर त्याच्यासमोर बसला. अर्धी भाकर खायची, डायवर उठला की उठायचं. साधा हिशेब!

केवळाबाईचा हिशेब वेगळा होता. "ताटावर हात आडवा येईस्तोवर वाढणार. हात आडवा केला की ताट उचलणार, आन् ताट उचललं की जागा सोडायची! बाहेर माणसं उभी हायत."

अर्धी भाकर संपली. डायवर काही उठेना! सिद्धरामनं नाइलाजानं आणखी भाकर घेतली, लालभडक रस्सा ओतला. डायवरनं त्याच्याकडं पाहिलं, सुस्कारा सोडला आणि त्यानंही भाकर मागितली. झालं! हा घेतो म्हणून तो, तो घेतो म्हणून हा. सिद्धरामचा पाय टेबलाखाली हलायला लागला. हात सारखा खिशातल्या अंगठीकडं जाई. कपाळावरून घाम, नाकातून पाणी. हा माणूस हाय का कणगी! आता तर पँटचा हूकही कुरकुरायला लागला.

बाहेर हॉर्नवर हॉर्न! पाठोपाठ पदर खोचून विशाखाच आत घुसली.

"काय करायलाव? सारी गाडी शिव्या घालायली!"

"हे उठले की उठतोच की!" सिद्धरामनं डायवरकडं बोट दाखवलं.

डायवरला ठसकाच लागला. "मी? अवो, मी कवाचा तुमच्यासाठी बसलोय! समोरचा माणूस जेवत असताना ताटावरून उठायला काय लाजबीज हाय का न्हाई?"

दोघांनी एकदमच हात आडवे केले. विशाखानं कपाळाला हात लावला.

पुढं डायवरनं गाडी अशी हाणली, की प्रत्येक खड्ड्याला सिद्धरामच्या पोटातला रस्सा गळ्याशी यायचा. तरी हिमायतनगरला उन्हं कललीच. मांडवात सगळे खोळंबलेले. दारात सासरे अण्णाराव उभे. सिद्धरामनं आधी अंगठी पुढं केली. पोरीला कुंकू लागलं, अंगठी नवरदेवाच्या बोटात गेली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"चला आता," अण्णाराव म्हणाले. "थोरल्या जावयाबिगर पंगत बसवायची आमच्यात रीत न्हाई. सकाळधरनं सारे उपाशी हायत."

पंगतीत पहिला मान सिद्धरामचा. समोर पुरणपोळ्यांची चवड, तुपाची वाटी. आख्खं गाव त्याच्या पहिल्या घासाकडं डोळे लावून बसलेलं! सिद्धरामनं गपकन ताटावर हात आडवा धरला.

अण्णारावांनी तो हात मायेनं उचलून बाजूला ठेवला आणि दोन पोळ्या वाढल्या.

"लाजताव काय? आमचा राग गेला आता. पण पान टाकलंत, तर ह्या जन्मात बोलणार न्हाई!"